कोठीपोटातला हायड्रोजन

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला, ॲमरिलो शहराच्या आसपास, मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जनावरांचे अवाढव्य वाडे आहेत. वर छप्पर नाही, बाजूला भिंती नाहीत. उघड्या माळावर कुंपणं घालून पाडलेले चौकोन, आणि कुंपणाच्या कडेनं नजर पोचेपर्यंत गेलेली सिमेंटची गव्हाण. एकेका वाड्यात हजारो जनावरं. सकाळी ट्रक या गव्हाणीला लागून सावकाश पुढे सरकतो आणि वाफवून चपटा केलेला मका, थोडी वैरण, पेंड, क्षार, जीवनसत्त्वं असं मिश्रण ओतत जातो. एक जनावर दिवसाला साधारण १० किलो खाद्य खातं. त्या १० किलोंमध्ये सुमारे ०.३ ग्रॅम मोनेन्सिन नावाचं एक द्रव्य मिसळलेलं असतं.

एवढ्याशा मोनेन्सिननं काय साधतं? ढोबळ हिशेब करू. जनावर १५० दिवस वाड्यात राहिलं, तर ते दीड हजार किलो खाद्य फस्त करेल आणि त्यासोबत ४५ ग्रॅम मोनेन्सिन त्याच्या पोटात जाईल. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. वजनात तेवढीच वाढ मिळवायला लागणारं खाद्य मोनेन्सिनमुळे सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे ४५ ग्रॅम द्रव्य ९० किलो खाद्य वाचवतं. स्वतःच्या वजनाच्या दोन हजार पट.

हे द्रव्य पौष्टिक नाही. ते संप्रेरक नाही, जीवनसत्त्वही नाही. जनावराच्या स्नायूंना किंवा हाडांना ते ‘वाढा’ असा कोणताही निरोप देत नाही. त्याचं सगळं काम जनावराच्या पोटात राहणाऱ्या दुसऱ्याच जीवांवर चालतं, आणि त्या कामाच्या मुळाशी आहे विश्वातला सर्वांत हलका वायू, हायड्रोजन.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कोठीपोट. मोठ्या जनावरात त्याची क्षमता शंभर लिटरच्या पुढे जाते. आत मिट्ट काळोख, ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, आणि प्राणवायू जवळपास नाहीच. इथल्या एका मिलिलिटर द्रवात हजार कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू असतात. शिवाय लाखांच्या संख्येनं एकपेशीय आदिजीव, बुरशी, आणि जिवाणूंसारखे दिसणारे पण त्यांच्यापासून फार पूर्वी वेगळे झालेले आर्किया. फ्रान्समध्ये ग्रूबी आणि देलाफाँ यांनी १८४३ सालीच या आदिजीवांचं वर्णन केलं होतं. पण जिवाणू हाती लागायला आणखी शतक जावं लागलं, कारण प्राणवायूचा वारा लागला की ते मरतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी वाळवीच्या पोटातल्या जंतूंवर काम करताना प्राणवायूविना जंतू वाढवण्याची पद्धत बसवली आणि पुढे तीच कोठीपोटासाठी वापरली. आज या विषयात जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्या काचेच्या नळ्यांतून आलेलं आहे.

कडब्यातला किंवा गवतातला सेल्युलोज फोडणारं एकही एन्झाइम गाईच्या स्वतःच्या शरीरात बनत नाही. ते काम जंतू करतात. जंतू सेल्युलोज आणि स्टार्च फोडून साखर मिळवतात, साखरेवर जगतात आणि उरलेलं टाकाऊ म्हणून बाहेर सोडतात. हे टाकाऊ म्हणजे ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही तीन साधी आम्लं. कोठीपोटाची भिंत ती शोषून घेते, आणि जनावराला लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा, ढोबळमानानं ७० टक्के, या आम्लांतूनच येतो. इतकंच नाही. द्रवाबरोबर पुढच्या कप्प्यांत वाहून गेलेले जंतूही तिथे पचतात आणि जनावराच्या प्रथिनाचा मुख्य पुरवठा तेच होतात. तेव्हा गाय गवत खाते हे अर्धंच खरं. ती गवत जंतूंना खाऊ घालते, मग जंतूंनी टाकलेलं खाते आणि शेवटी जंतूंनाही खाते.

आता हायड्रोजन. साखर फोडून ऊर्जा काढताना हायड्रोजन मोकळा होतोच. आपल्या पेशी त्याची प्राणवायूशी गाठ घालतात आणि पाणी बनवून मोकळ्या होतात. आपण श्वास घेतो तो त्यासाठीच. कोठीपोटात प्राणवायू नाही. हायड्रोजन साचत गेला तर साखर फोडण्याचं कामच अडून बसेल. म्हणून तो कुठेतरी खपवावाच लागतो.

यातल्या दोन वाटा महत्त्वाच्या. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ॲसिटिक आम्लाचे दोन रेणू बनले, तर हायड्रोजन वायूचे चार रेणू सुटतात. आर्किया हे चार रेणू उचलतात, कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूशी जोडतात आणि मिथेन बनवतात. जनावर तो ढेकरेवाटे बाहेर टाकतं. एका मोठ्या जनावराच्या पोटातून दिवसाला शेकडो लिटर मिथेन असा निघून जातो. मिथेन हे उत्तम इंधन आहे. शिजवायला आपण जो गोबरगॅस वापरतो त्यातही तोच असतो. म्हणजे ढेकरेबरोबर खाद्यातली ऊर्जाही हवेत जाते. खाद्यातल्या एकूण ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग असा वाया जातो. भरपूर मका खाणाऱ्या जनावरात कमी, कडबा आणि वाळक्या गवतावर जगणाऱ्यात जास्त.

दुसरी वाट प्रोपिऑनिक आम्लाची. ग्लुकोजच्या एका रेणूतून प्रोपिऑनिक आम्लाचे दोन रेणू बनताना हायड्रोजन सुटत नाही. उलट हायड्रोजनचे दोन रेणू त्यात खपतात. ऊर्जा ढेकरेत न जाता आम्लातच राहते आणि जनावराच्या रक्तात उतरते. आणखी एक फायदा आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या आतड्यापर्यंत साखर फारशी पोचतच नाही, जंतू ती वरच संपवतात. म्हणून या प्राण्यांना लागणारं ग्लुकोज त्यांचं यकृत नव्यानं तयार करतं, आणि त्यासाठीचा मुख्य कच्चा माल म्हणजे हेच प्रोपिऑनिक आम्ल.

पशुपालकाच्या दृष्टीनं पाहिलं तर प्रश्न सरळ आहे. हायड्रोजन मिथेनकडे जाऊ नये, प्रोपिऑनिक आम्लाकडे वळावा. पण शंभर लिटरच्या काळोखात, अब्जावधी जंतूंच्या गर्दीत, हे वळवायचं कसं?

उत्तर मातीतून आलं, आणि तेही कोंबड्यांच्या वाटेनं. इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांना मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस सिनॅमोनेन्सिस या जिवाणूपासून मोनेन्सिन मिळालं. त्याची रेणुरचना १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. कोंबड्यांना रक्ती हगवण लावणाऱ्या परजीवींवर ते गुणकारी ठरलं आणि १९७१ मध्ये अमेरिकेत कोंबडीच्या खाद्यात वापरायला परवानगी मिळाली. मग ते गुरांच्या कोठीपोटातल्या द्रवात टाकून पाहिलं, तेव्हा आम्लांचं गणितच बदललेलं दिसलं. ॲसिटिक आणि ब्युटिरिक खाली, प्रोपिऑनिक वर. १९७५ मध्ये मांसाच्या गुरांसाठीही मंजुरी मिळाली.

मोनेन्सिनचा रेणू पाहण्यासारखा आहे. तो स्वतःला वळवून जवळपास कड्याचा आकार घेतो. कड्याच्या आतल्या बाजूला ऑक्सिजनचे अणू, बाहेरच्या बाजूला तेलकट भाग. आतल्या पोकळीत सोडियमचा एक आयन नेमका बसतो. जिवाणूची पेशी ज्या पटलानं वेढलेली असते ते मेदाचं असल्यानं सुटा आयन त्यातून जाऊ शकत नाही. पण मोनेन्सिनच्या मिठीत बसलेला आयन बाहेरून तेलकट दिसतो आणि सहज पार होतो. पलीकडे तो सोडायचा, बदल्यात पोटॅशियम किंवा हायड्रोजनचा आयन उचलायचा आणि परत यायचं, अशी त्याची ये-जा चालते. कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या जेम्स रसेल यांनी १९८०च्या दशकात याचा परिणाम उलगडून दाखवला. पेशीच्या आतलं पोटॅशियम बाहेर जातं, आम्लता आणि सोडियम आत शिरतात, आणि हे सगळं पुन्हा बाहेर काढण्यात पेशीची ऊर्जा संपते. गळक्या होडीतलं पाणी उपसत बसलेल्या माणसाला वल्हवायला सवड मिळत नाही, तशी त्या जिवाणूची गत होते. तो लगेच मरतोच असं नाही. त्याची वाढ थांबते, आणि कोठीपोटात जो वाढत नाही तो द्रवाबरोबर पुढे वाहून जातो.

हा मार बसतो तो फक्त काहींना. ज्या जिवाणूंना आतल्या पटलाबाहेर आणखी एक बाह्य पटल असतं, त्यांना ते बाह्य पटल बऱ्यापैकी वाचवतं. निसर्गाचा योगायोग असा, की कोठीपोटात हायड्रोजन आणि ॲसिटिक आम्ल सोडणाऱ्यांतले बरेच जिवाणू एकाच पटलाचे आहेत, आणि प्रोपिऑनिक आम्लाकडे नेणाऱ्यांतले बरेच दोन पटलांचे. त्यामुळे मोनेन्सिनला काही निवडावं लागत नाही. पेशीच्या बांधणीनंच निवड केलेली असते. आर्कियांवर तर मोनेन्सिनचा थेट परिणाम जवळजवळ होतच नाही. त्यांचा हायड्रोजनचा पुरवठाच आटतो.

रसेल यांना याच शोधात आणखी एक गट सापडला. प्रथिनातली अमिनो आम्लं खाऊन त्यांचा अमोनिया करणारे हे जिवाणू संख्येनं थोडे, पण नासाडीत मोठे. तेही मोनेन्सिनपुढे टिकत नाहीत. म्हणजे ऊर्जेबरोबर महागडं प्रथिनही वाचतं.

तिसरा फायदा समजायला टेक्सासला जायची गरज नाही. बैलपोळ्याच्या आधी पशुवैद्य दरवर्षी सांगतात, बैलाला पुरणपोळी कौतुकानं द्या पण पोटभर देऊ नका. एरवी कडब्यावर असलेल्या जनावराच्या पोटात अचानक खूप गोड आणि पिठूळ पदार्थ गेले, की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जिवाणू भराभर वाढतो आणि लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. कोठीपोट आंबतं, जनावर खाणं सोडतं, कधीकधी दगावतं. धान्याच्या पोत्यात तोंड घातलेल्या म्हशीचंही हेच होतं. टेक्सासच्या वाड्यांत हा धोका सणापुरता नसतो. मक्याचा खुराक रोजचाच असतो. मोनेन्सिन या स्ट्रेप्टोकोकसला आवर घालतं, आणि लॅक्टिक आम्ल खाणारे जिवाणू मात्र शाबूत राहतात. शिवाय त्याच्या चवीनं म्हणा किंवा परिणामानं म्हणा, जनावर थोडं कमी, पण जास्त वेळा खातं. पोटफुगीही कमी होते.

हेच मोनेन्सिन घोड्याला विष आहे. शरीराच्या एका किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम एवढी मात्रा घोड्याचा जीव घेऊ शकते. गुरांना घातक ठरणारी मात्रा त्याच्या जवळपास दहा पट. घोड्याचं यकृत हे द्रव्य फार सावकाश मोडतं आणि त्याचा घाव हृदयाच्या स्नायूवर बसतो. गुरांचं खाद्य बनवलेल्या यंत्रात नीट सफाई न करता घोड्यांचं खाद्य बनवल्यानं घोडे मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आयनांची ये-जा बिघडवणारा रेणू कोणाच्या पेशीत पोचतो, यावर तो मित्र की वैरी हे ठरतं.

जंतूंना मारून जनावर वाढवण्याची कल्पना मोनेन्सिनपेक्षा जुनी आहे, आणि तिच्या उगमापाशी एक भारतीय नाव येतं. न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक शोधलं. त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला, आणि जीवनसत्त्वानं व्हावी त्यापेक्षा जास्त वाढ झाली. चोथ्यात उरलेलं प्रतिजैविकच ती वाढ करत होतं. १९५० मध्ये हे जाहीर झालं, आणि पुढची कित्येक दशकं माणसांची औषधं जनावरांच्या खाद्यात पोत्यांनी पडत राहिली. याची किंमत म्हणजे औषधांना दाद न देणारे जंतू. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीच्या प्रतिजैविकांवर बंदी घातली; युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून उरलीसुरलीही बंद केली, आणि त्यात मोनेन्सिनही गेलं. अमेरिकेनं २०१७ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाच्या असलेल्या प्रतिजैविकांचा वाढीसाठी वापर थांबवला. माणसांना मोनेन्सिन दिलं जात नाही, म्हणून ते त्या नियमातून सुटलं.

‘माणसांना देत नाही’ हा युक्तिवाद मजबूत आहे, पण पूर्ण नाही. नॉर्वेत कोंबड्यांना मोनेन्सिनच्याच जातकुळीतलं नॅरॅसिन दिलं जाई. तिथल्या काही जिवाणूंत नॅरॅसिनला दाद न देणारी जनुकं आणि व्हॅन्कोमायसिन या माणसांच्या मोलाच्या औषधाला दाद न देणारी जनुकं डीएनएच्या एकाच सुट्या कड्यावर सापडली. एकाचा वापर दुसऱ्यालाही टिकवून धरू शकतो. तिथल्या कोंबडी उद्योगानं मग नॅरॅसिनचा वापर सोडला. उलट युरोपात दुभत्या गाईंच्या कीटोसिस या आजारासाठी पोटात हळूहळू विरघळणारी मोनेन्सिनची कांडी पशुवैद्याच्या सल्ल्यानं वापरायला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. वाढीसाठी बंद, आजारासाठी मंजूर, रेणू तोच.

वाढीसाठीची सगळीच द्रव्यं पोटातल्या जंतूंमार्फत काम करतात असं नाही. रॅक्टोपामिन आणि झिलपॅटेरॉल ही रक्तात शिरून थेट स्नायूंच्या पेशींना चरबीऐवजी मांस वाढवायला लावतात. अमेरिकेत अशी द्रव्यं कत्तलीआधीच्या शेवटच्या आठवड्यांत देतात. त्यांच्यावरून देशादेशांत कडाक्याचे वाद झाले. २०१२ मध्ये रोममध्ये आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगानं रॅक्टोपामिनच्या अवशेषांची मर्यादा ६९ विरुद्ध ६७ अशा दोनच मतांच्या फरकानं मंजूर केली. पुढच्याच वर्षी काही जनावरं लंगडू लागल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा टायसन या बड्या मांस कंपनीनं झिलपॅटेरॉल दिलेली जनावरं घेणं थांबवलं आणि मर्क कंपनीला अमेरिका व कॅनडातली त्याची विक्री थांबवावी लागली.

गेल्या काही वर्षांत हायड्रोजनचा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे, पण दुसऱ्या कारणानं. मिथेन पृथ्वी तापवतो, आणि मोनेन्सिननं होणारी त्याची घट छोटी असते. बऱ्याचदा काही आठवड्यांत ओसरते. म्हणून आता थेट आर्कियांवर नेम धरला जातोय. ३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल हा छोटासा रेणू आर्कियांच्या मिथेन बनवणाऱ्या शेवटच्या एन्झाइममध्ये जाऊन बसतो आणि त्यातल्या निकेलच्या अणूला निकामी करतो. दुभत्या गाईंत मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. युरोपीय संघानं २०२२ मध्ये आणि अमेरिकेनं २०२४ मध्ये दुभत्या गाईंसाठी त्याला वाट मोकळी केली. ॲस्परॅगॉप्सिस या लाल समुद्री शेवाळातलं ब्रोमोफॉर्मही हेच काम करतं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात मांसाच्या २१ जनावरांवर १४७ दिवस केलेल्या प्रयोगात काही खुराकांवर मिथेन ८० टक्क्यांपर्यंत खाली आला. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य बनवलं आहे. त्यानं १७ ते २० टक्के घट होते, असं संस्था सांगते. कडबा आणि गवतावर जगणाऱ्या आपल्याकडच्या गुरांत एक किलो खाद्यामागे मिथेन जास्त बनतो, म्हणून असं काही स्वस्तात मिळण्याला इथे विशेष अर्थ आहे.

मिथेन थांबला म्हणजे ती सगळी ऊर्जा जनावराच्या अंगी लागेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. मिथेनची वाट अडवलेल्या जनावरांच्या ढेकरेत चक्क हायड्रोजन वायू वाढलेला आढळतो. दार लावलं, पण आतल्या हायड्रोजनला दुसरी वाट दाखवली नाही, तेव्हा त्यातला काही तसाच निसटतो. म्हणून या द्रव्यांनी मिथेन हमखास घटतो, वजन मात्र हमखास वाढत नाही. मोनेन्सिनचं नेमकं उलटं. ते मिथेन थोडाच कमी करतं, पण हायड्रोजन सुटण्याआधीच त्याचा मार्ग बदलतं, आणि म्हणून खाद्य वाचवतं.

हायड्रोजन सत्कारणी लावणारी पोटं निसर्गात आहेत. कांगारू आणि वॉलबी यांच्या पोटातही जंतू गवत आंबवतात, तरी मिथेन फारच कमी निघतो. त्यांच्या पोटात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून ॲसिटिक आम्ल बनवणारे जिवाणू काम करतात, आणि ते आम्ल प्राण्याच्या उपयोगी पडतं. असे जिवाणू गाईच्या कोठीपोटातही आहेत, पण तिथे आर्किया हायड्रोजनच्या अगदी विरळ साठ्यावरही झडप घालतात आणि यांच्या वाट्याला काही उरत नाही. आर्कियांना रोखणारी द्रव्यं आता हाती आहेत. म्हणून पुढचं संशोधन मोकळा झालेला हायड्रोजन या जिवाणूंपर्यंत किंवा प्रोपिऑनिक आम्लापर्यंत कसा पोचवायचा याभोवती फिरतंय. शेतकऱ्यानं मोनेन्सिनसाठी पन्नास वर्षं पैसे मोजले ते चाऱ्याची बचत दिसली म्हणून. हवामानाच्या भल्यासाठी तो दुसरं द्रव्य कायम विकत घेईल तेही त्यातून जनावर वाढलं, दूध वाढलं, तरच.